पालिकेच्या तिजोरीवर पहारा कोणाचा?

दुकानदार रोज रात्री गल्ला मोजतो. दहा रुपये कमी भरले तरी नोकराला हाक मारून विचारतो. पण त्याच दुकानदाराने भरलेली घरपट्टी, पाणीपट्टी आणि कर ज्या तिजोरीत जातो, तिथला हिशेब कधी विचारत नाही. "ते मोठ्या लोकांचे काम" असे म्हणून आपण मोकळे होतो. सरकारी पैशाची राखण कोण करतो, ती कुठे ढिली पडते आणि व्यापारी-कारागिरांनी त्यात काय करावे, हे आम्ही आज आपल्या जिल्ह्यांतीलच उदाहरण घेऊन सांगणार आहोत.

घरकुलाची गोष्ट

जळगावच्या तत्कालीन नगरपालिकेने १९९० च्या दशकात गरिबांसाठी ११,४२४ घरकुले बांधण्याचे ठरविले. नऊ ठिकाणे निवडली, हुडकोचे कर्ज काढले आणि खान्देश बिल्डर्स या संस्थेला मक्ता दिला. घरे मात्र दीड हजारांच्या आसपासच पुरी झाली. पुढे जे आरोप झाले ते असे: काही जागा पालिकेच्या पूर्ण ताब्यात नसताना व त्यांची बिनशेती परवानगी नसतानाच काम दिले गेले, मक्तेदाराला कोट्यवधींची आगाऊ रक्कम बिनव्याजी मिळाली, काम रखडले तरी त्याच्यावर मेहेरनजर कायम राहिली.

पालिकेची महापालिका २००३ मध्ये झाली. त्यानंतर आयुक्त म्हणून आलेले प्रवीण गेडाम यांनी कागद तपासले आणि ३ फेब्रुवारी २००६ रोजी पोलिसांत फिर्याद दिली. आकडा होता सुमारे २९ कोटी रुपयांचा. त्यानंतर सहा वर्षांनी, मार्च २०१२ मध्ये, माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. त्यांत नगरसेवकही मोठ्या संख्येने होते. जैन यांना ७ वर्षांची कैद आणि १०० कोटींचा दंड, तर माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना ५ वर्षांची कैद सुनावण्यात आली. या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले गेली व जामीनही मिळाले, हे न्यायाला धरून सांगितलेच पाहिजे.

फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे गेली. ज्या बाईने घरकुलाची आशा धरली होती, तिचे तोवर उभे आयुष्य झोपडीत गेले.

झळ कोणाला बसली?

मक्तेदार येतो आणि जातो. कर्ज शहराच्या मानेवर राहते. हुडकोची देणी इतकी वाढली की महापालिकेची बँक खाती गोठविण्यापर्यंत वेळ आली. पालिकेजवळ पैसा नसला की रस्ता होत नाही, गटार तुंबते, बाजारात चिखल होतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. फुले मार्केटसारख्या संकुलांतील गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ मध्ये संपली, तेव्हा भाड्याच्या थकबाकीवरून गाळेधारक आणि महापालिका यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. कर्जात बुडालेली पालिका वसुलीसाठी पहिला हात गाळेवाल्याकडेच लावते. म्हणून तिजोरीतील गळती ही शेवटी आपल्याच गल्ल्यातील गळती आहे.

राखणदार कोण कोण?

पहिला राखणदार लेखापरीक्षक. महापालिकेत स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक असतो. नगरपालिका व ग्रामपंचायतींचे हिशेब राज्याचा स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो. त्यांवर महालेखापालांची नजर असते. लेखापरीक्षक चूक दाखवून 'आक्षेप' नोंदवितो. शिक्षा देत नाही. आक्षेपाचे उत्तर न देता तो वर्षानुवर्षे फायलीत ठेवला, तर परीक्षणाचा उपयोग काय?

दुसरा राखणदार विधिमंडळाच्या समित्या: लोकलेखा समिती, अंदाज समिती, पंचायत राज समिती. त्या जिल्ह्यात येतात, कामे पाहतात, अधिकाऱ्यांना जाब विचारतात. पण मे २०२५ मध्ये अंदाज समितीच्या दौऱ्याच्या वेळीच धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहातील एका खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली आणि विशेष पथकाच्या तपासाची घोषणा झाली. पैसा कोणाचा हे तपासानेच ठरावे. पण पहारेकऱ्यावरही पहारा लागतो, एवढा धडा मात्र त्यातून मिळतो.

तिसरा, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. लाच मागितली गेली तर १०६४ या क्रमांकावर तक्रार करता येते. पैसे देण्यापूर्वी कळविले तरच सापळा लागतो. चौथा, लोकायुक्त. महाराष्ट्राने १९७१ चा कायदा करून हे पद निर्माण केले.

पाचवा राखणदार आपण

आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ते काम सोपे केले आहे. साधा अर्ज, १० रुपये फी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही माफ. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे पहिले अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. अर्जात "भ्रष्टाचार का झाला?" असे विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा. आपल्या गल्लीतील गटाराचा कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पाने, अदा केलेली बिले आणि लेखापरीक्षणातील आक्षेप मागा. मग गवंडीकाम जाणणाऱ्या एखाद्या भावाला बरोबर घेऊन फीत लावून मोजा. कागदावर शंभर मीटर आणि जमिनीवर सत्तर असतील तर तक्रार आपोआप उभी राहते.

आता आपल्या घरातले

हे लिहिताना एक कडू गोष्ट टाळता येणार नाही. समजा, एखादा मक्तेदार वेल्डिंगवाल्याकडे किंवा हार्डवेअरच्या दुकानात येतो आणि म्हणतो, "माल नको, नुसते बिल द्या, दोन टक्के तुमचे." ओळखीचा माणूस आहे, पुढे काम देईल, म्हणून आपण बिल फाडतो. त्याच बिलावर सरकारी पैसा उचलला जातो आणि चौकशी लागली की सही आपली निघते. मालाशिवाय बिल देणे हा जीएसटी कायद्यातही दंडास पात्र गुन्हा आहे; दंड किमान दहा हजार किंवा कराच्या रकमेएवढा, जो जास्त असेल तो. दोन टक्क्यांसाठी बापजाद्यांनी कमावलेली पत घालवू नये.

दुसऱ्याच्या अमानतीत खयानत करू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकविले जाते. सरकारी तिजोरी ही लाखो लोकांची एकत्र अमानत आहे. आमची सूचना एवढीच: प्रत्येक मोहल्ल्यातील व्यापाऱ्यांनी मिळून वर्षाला एक काम निवडावे, त्याचे कागद मागवावेत आणि ते मोजून पाहावे. घरकुलाचे कागद कोणीतरी नीट वाचले म्हणूनच ते प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचले. तेच कागद दहा वर्षे आधी नागरिकांनी मागितले असते तर कदाचित घरेही उभी राहिली असती.