कयाकवर कोणता कॅमेरा न्यावा?

वॉटरप्रूफ कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘१० मीटर’, ‘१५ मीटर’ असे आकडे ठळक छापलेले असतात आणि खरेदी बहुतेकदा त्यांच्यावरच होते. पाणबुड्यांसाठी ते ठीक आहे. देवबागला कर्लीच्या मुखाशी, कांदळवनाच्या कडेने वल्हं मारणाऱ्याचा कॅमेरा पाण्यात जातो तो क्षणभर. हातातून सुटला तर मात्र थेट तळाशी. पाणी गढूळ, खाली चिखल, त्यात ओहोटीची ओढ. कॅमेरा शाबूत राहील, पण सापडणार नाही. म्हणून पहिला खर्च तरंगत्या पट्ट्याचा करावा, तोही भडक नारिंगी. कॅमेऱ्याचं वजन तो पेलतो का, हे घरीच बादलीत पाहून घ्यावं.

मोबाइल चालेल का? माझ्या मते नाही. फोनच्या ‘आयपी६८’ मानांकनाची चाचणी गोड्या पाण्यात होते. खाऱ्या पाण्याची हमी त्यात नसते. शिवाय ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. एक हात वल्ह्यावर असताना ठसठशीत बटणंच हवीत.

गोप्रो नाळेवर बसवला की व्हिडिओ झकास येतो आणि त्याच्या बहुतेक मॉडेलांना १० मीटरपर्यंत वेगळी केस लागत नाही. पण त्याची नजर फार रुंद. फांदीवरचा खंड्या ठिपक्याएवढा दिसतो. पक्षी, खेकडे, कांदळाची मुळं टिपायची तर ओएम सिस्टिमचा २०२३ साली आलेला टीजी-७ मला उजवा वाटतो. त्याचा चौपट झूम आतल्या आत सरकतो, भिंग बाहेर येत नाही. एफ/२ भिंगामुळे झाडांच्या सावलीतही निभावतं. सेन्सर लहान असल्याने संध्याकाळी फोटोत दाणे दिसतात, ते मात्र गृहीत धरावं.

घात होतो तो बॅटरी-कार्डाच्या झाकणाशी. त्याच्या रबरी वायसरवर वाळूचा कण, केस किंवा वाळलेल्या मिठाचा पापुद्रा राहिला, की पाणी आत शिरलंच म्हणून समजा. त्यामुळे चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड घरूनच घालावं, खाडीत झाकण उघडूच नये. तिथली दमट हवा आत कोंडली तर भिंगावर आतून वाफ धरते, ते वेगळंच. परतल्यावर झाकण बंद ठेवूनच कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवावा आणि पाण्यातच बटणं दाबावीत, म्हणजे फटींतलं मीठ सुटतं. पूर्ण सुकल्यावरच झाकण उघडावं. टीजी मालिकेचं वायसर वर्षातून एकदा बदलावं, असं कंपनीच सांगते. ते बदलून देणारं सेवाकेंद्र जवळपास आहे का, हे पैसे मोजण्याआधी विचारून घ्यावं.