डीप ब्लूची आठवी खेळी

११ मे १९९७, न्यूयॉर्क. बुद्धिबळपटू गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएमचा संगणक डीप ब्लू यांच्यातला सहावा, निर्णायक डाव. कारो-कान बचावात कास्पारोव्हने सातव्या खेळीला प्यादं एच६ वर सरकवून पांढऱ्याच्या घोड्याला हटकलं. घोडा मागे फिरलाच नाही. त्याने ई६ वरचं प्यादं मारलं. एका प्याद्यापायी घोडा गेला खरा, पण काळ्याच्या राजाला किल्लेकोट करता येईना, आणि एकोणिसाव्या खेळीनंतर कास्पारोव्हने डाव सोडला.

सेकंदाला २० कोटींपर्यंत स्थिती तपासू शकणाऱ्या यंत्राने हे बलिदान मोजूनमापून केलं असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती खेळी त्याच्या ओपनिंग बुकमधली होती. डीप ब्लूच्या संघातले ग्रँडमास्टर मिगेल इयेस्कास यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं, की ती त्याच दिवशी सकाळी भरली होती!

ओपनिंग बुक म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या स्थिती आणि त्यांतल्या तयार खेळ्या यांची फाइल. दोन्ही बाजूंनी दोन-दोन खेळ्या होईपर्यंतच १,९७,२८१ वेगवेगळे क्रम शक्य असतात. इतक्या लवकर सहसा कुणाचंच मोहरं धोक्यात नसतं, त्यामुळे आकडेमोडीला धरायला काही सापडत नाही. अशा वेळी माणसांनी दीडशे वर्षांत पारखलेल्या खेळ्या सरळ उचलणं शहाणपणाचं, शिवाय घड्याळातला वेळही वाचतो.

पटावरची स्थिती या फाइलमध्ये शोधायची कशी? पॉलीग्लॉट हा अशा फाइलचा प्रचलित प्रकार घ्या. १२ प्रकारची मोहरी आणि ६४ घरं, म्हणजे ७६८ जोड्या. प्रत्येक जोडीला एक मोठी यादृच्छिक संख्या ठरवून दिलेली असते. किल्लेकोटाचे हक्क, खेळी कुणाची वगैरेंसाठी आणखी १३. पटावर जे आहे त्याच्या संख्या बिटांच्या पातळीवर एकत्र केल्या की त्या स्थितीची किल्ली तयार होते. फाइलमधल्या नोंदी किल्लीच्या क्रमाने लावलेल्या असल्याने हवी ती क्षणात सापडते. खेळ्यांचा क्रम कोणताही असो, स्थिती तीच असेल तर किल्लीही तीच. प्रत्येक नोंद जेमतेम १६ बाइटची. त्यात किल्ली, खेळी आणि त्या खेळीचं वजन असतं. वजन जास्त तितकी ती निवडली जाण्याची शक्यता जास्त. रोज एकच डाव खेळून प्रतिस्पर्ध्याला तयारीची संधी देऊ नये, म्हणून ही सोय.

डीप ब्लूचं मुख्य बुक सुमारे ४,००० स्थितींचं, हाताने भरलेलं होतं. त्याबाहेर पडल्यावर ७ लाख डावांवरून काढलेली माहिती त्याला फक्त कल दाखवायची, सक्ती करायची नाही. माझ्या मते खरी कारागिरी या दुसऱ्या भागात होती. कारण बुक संपतं त्या जागीच प्रोग्राम अडखळतो. खेळ्या दुसऱ्याच्या, त्यामागची योजना त्याला ठाऊक नाही, आणि मग पहिल्याच स्वतंत्र खेळीत तो मोहरं मागे घेऊ लागतो.

आज स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रामसोबत, म्हणजे इंजिनासोबत, असं बुक येत नाही. बुकाची गरज उरली आहे ती इंजिनांच्या स्पर्धांना. मोकळं सोडलं तर बलाढ्य इंजिनं बहुतेक डाव बरोबरीत सोडवतात. म्हणून टीसीईसीसारख्या स्पर्धेत आयोजकच मुद्दाम एका बाजूला झुकलेली सुरुवात ठरवून देतात, आणि तीच स्थिती दोन्ही इंजिनांना एकदा पांढऱ्याकडून, एकदा काळ्याकडून खेळावी लागते.