लिनक्सची श्रेणीवाढ : घर न पाडता छप्पर बदलणे

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या कोंढा परिसरात कवेलू फेरण्याचे काम निघते. फुटके कवेलू काढावयाचे, कुजलेला वासा बदलावयाचा. घरातील माणसे व धान्याची कोठी मात्र जागीच राहतात. छप्पर गळते म्हणून कोणी घर पाडीत नाही. शाळेच्या संगणकाच्या बाबतीत मात्र आपण अनेकदा नेमके तेच करतो.

शाळाभेटीच्या वेळी एका शाळेत असा प्रकार आढळला. लिनक्सची आवृत्ती जुनी झाली म्हणून संगणक कोरा करून नवी आवृत्ती बसविण्यात आली. शिक्षिकेने तीन वर्षे जमविलेले वाचनपाठ, प्रश्नपत्रिका आणि मुलांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या गोष्टी एका दुपारी नाहीशा झाल्या.

आवृत्ती बदलावी लागते हे खरे. उबुंटू 20.04 ची सर्वसाधारण मोफत देखभाल मे 2025 मध्ये संपली. त्यानंतर सुरक्षिततेच्या दुरुस्त्या नेहमीच्या मार्गाने मिळत नाहीत. परंतु त्यासाठी संगणक कोरा करण्याची गरज बहुधा नसते.

लिनक्समध्ये प्रत्येक आज्ञावली ‘पॅकेज’च्या रूपाने येते. कोणती पॅकेजे बसविली आहेत याची नोंद संगणक स्वतः ठेवतो. श्रेणीवाढीच्या वेळी ही नोंद नव्या आवृत्तीच्या यादीशी ताडून पाहिली जाते, नवी पॅकेजे उतरविली जातात आणि कोणते कोणावर अवलंबून आहे हे पाहून क्रमाने बदलली जातात. वापरणाऱ्याच्या ‘होम’ कप्प्यातील कागदपत्रांना हात लागत नाही. आपण एखादी मांडणी स्वतः बदललेली असल्यास जुनी ठेवावी की नवी घ्यावी, असे विचारले जाते. 1993 साली सुरू झालेल्या डेबियन प्रणालीत ही सोय आहे. उबुंटू आणि सी-डॅकची ‘बॉस’ या प्रणाली डेबियनवरच आधारलेल्या आहेत.

काम हाती घेताना पुढील क्रम पाळावा.

1. सर्व कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी व ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. श्रेणीवाढीनंतर मागील आवृत्तीवर परतण्याचा सरळ मार्ग नसतो. म्हणून ही पायरी कधीही वगळू नये.

2. चालू आवृत्तीच्या राहिलेल्या सर्व दुरुस्त्या आधी बसवाव्यात. डिस्कवर पुरेशी जागा आहे का, ते पाहावे. बाहेरून जोडलेले पॅकेजांचे स्रोत तात्पुरते बंद करावेत.

3. पायऱ्या गाळू नयेत. उबुंटू 20.04 वरून प्रथम 22.04 व नंतर 24.04, तसेच डेबियन 11 वरून प्रथम 12 व नंतर 13, असेच जावे.

4. विजेची खात्री असेल तेव्हाच आरंभ करावा. मध्येच वीज गेल्यास घाबरून संगणक कोरा करू नये. ‘डीपीकेजी’ या साधनाद्वारे अर्धवट राहिलेली मांडणी पुष्कळदा पूर्ण करता येते.

5. शेवटी संगणक पुन्हा सुरू करून मराठी टंकलेखन, छपाईयंत्र व प्रोजेक्टर तपासावेत.

प्रत्येक वेळी हाच मार्ग योग्य, असे मात्र नव्हे. प्रणाली मुळातच बिघडलेली असेल किंवा अनेक आवृत्त्या मागे पडली असेल, तर प्रत घेऊन नव्याने स्थापना करणेच सोयीचे. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ची 32-बिट संगणकांसाठी स्थापना-प्रत निघत नाही. तेव्हा फार जुन्या यंत्राची जात आधी पाहून घ्यावी.

संगणक जुना झाला तर दुसरा मिळू शकेल. पहिलीतील मुलाने अडखळत वाचलेली पहिली गोष्ट पुन्हा तशीच ध्वनिमुद्रित करता येणार नाही. तरी शिक्षकबंधुभगिनींनी या कामास हात घालण्यापूर्वी प्रत काढून ती तपासावी, ही विनंती.