चकमकीची बंदूक आणि वेसाव्याची खाडी

ऐतिहासिक मालिकेतला शिपाई बंदूक खांद्याला लावतो, चाप ओढतो आणि त्याच क्षणी समोरचा माणूस कोसळतो. वर्सोव्यात निम्मी वस्ती या मालिकांवर जगते, त्यामुळे तक्रार जपूनच करायला हवी. पण चकमकीची बंदूक अशी उडत नाही. आधी दगड पोलादावर आपटतो, ठिणग्या पडतात, बाहेरच्या वाटीतली चिमूटभर दारू, म्हणजे रंजक, भक्कन पेटते, तो जाळ नळीच्या कानातून आत शिरतो आणि मग बार होतो. बंदूक नीट जमलेली असेल तर हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात आटपतं. जमलेली नसेल तर आधी ‘फुस्स’ आणि मग ‘धडाम’ असे दोन आवाज स्पष्ट वेगळे ऐकू येतात. कधीकधी दुसरा आवाज येतच नाही.

ही बंदूक वर्सोव्याला, म्हणजे आपल्या वेसाव्याला, नवी नाही. वेसावा कोळीवाड्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मढ, आणि मढच्या टोकावर समुद्रात बुरूज रोवून उभा असलेला किल्ला. गावकरी त्याला मढचा किल्ला म्हणतात, कागदपत्रांत तो वर्सोव्याचा. पोर्तुगीजांनी बांधलेला हा कोट चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत, फेब्रुवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. मे महिन्यात वसई पडली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि त्याच मोहिमेत कर्नल कीटिंगच्या फौजेने वर्सोवाही. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ठाणं-वर्सोव्यासकट साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. म्हणजे जेमतेम पस्तीस वर्षांत या एका तटाने बंदुकीच्या दोन पिढ्या पाहिल्या. मराठी फौजेतल्या बहुतेक बंदुका तोड्याच्या, म्हणजे जळती वात रंजकीला टेकवून उडवायच्या. युरोपियन पलटणींच्या हातात मात्र चकमकीच्या.

चकमकीचा हा चाप, म्हणजे ठिणगी पाडून बार काढणारी यंत्रणा, फ्रान्समध्ये १६१० च्या सुमारास तयार झाला. तो मारँ ल बुर्ज्वा या कारागिराच्या नावावर सांगितला जातो. पुढे दीर्घकाळ युरोपातल्या मोठ्या सैन्यांनी त्यावरच लढाया केल्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर भागात जर्मन कारागिरांनी याच चापाला लांब, आतून पेचदार चरे पाडलेली नळी जोडली आणि ‘लाँग रायफल’ घडवली. चिमाजीअप्पा वसईला मोर्चे लावत होते, साधारण त्याच दशकांत तिचं रूप ठरत होतं. आज ती तिथे सुट्या भागांच्या संचात मिळते आणि हौशी लोक हिवाळाभर घरी बसून ती जोडतात. हे जोडकाम समजून घेतलं की आपल्या इतिहासातलं एक कोडं बरंच सुटतं. मराठ्यांनी तोडा इतकी वर्षं का सोडला नाही, हे ते कोडं.

संचात असतं काय? साधारण १०७ सेंटिमीटर लांबीची, आतून १२.७ मिलिमीटर व्यासाची नळी, तयार चाप, घोडा, पितळी साज, लाकडी गज आणि मेपलच्या लाकडाचा अर्धवट कोरलेला दस्ता. ‘अर्धवट’ हा शब्द विक्रेते हळूच म्हणतात, पण खरं काम त्यातच आहे. नळी आणि चाप लाकडात इतके घट्ट बसायला हवेत की मधे कागदही जाऊ नये. त्यासाठी लोखंडावर दिव्याची काजळी धरायची, भाग खाचेत दाबून बसवायचा, काढायचा आणि लाकडावर जिथे काळं उमटलं तेवढंच पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं. घाई करून जास्त लाकूड काढलं तर ते परत येत नाही. आपल्याकडे चांगला सुतार चौकटीत दार बसवताना जो धीर धरतो, तोच इथे लागतो.

दस्त्याला रंग देण्याची जुनी रीत मजेदार आहे. नत्राम्लात लोखंड विरघळवून ते पाणी लाकडावर फिरवायचं आणि वर गरम लोखंड धरायचं. आधी हिरवट, गलिच्छ दिसणारं लाकूड बघता बघता तांबूस तपकिरी होतं आणि मेपलचे आडवे पट्टे उठून दिसतात. मग जवसाच्या तेलाचे पातळ हात.

पण बंदुकीचा जीव कानात आणि चापात. कान म्हणजे नळीच्या बुडाशी, बाजूने पाडलेलं दीड-पावणेदोन मिलिमीटरचं भोक. ते वाटीच्या मानाने खाली पडलं तर रंजकीच्या ढिगात बुडतं. मग जाळ आत उडी मारत नाही, दारू वातीसारखी कणाकणाने जळत जाते आणि बार रेंगाळतो. मोठं पडलं तर स्फोटाचा जोर बाजूने निसटतो.

चापाची गोष्ट त्याहून नाजूक. ठिणगी दगडाची असते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात गारेची धार पोलादी पट्टीवरून घसरताना लोखंडाचे सूक्ष्म कीस सोलते आणि घर्षणाने तापलेले ते कीस हवेत जळतात. जळतं ते लोखंड, दगड फक्त पटाशीचं काम करतो. म्हणून पट्टी फार मऊ असेल तर गार तिच्यात रुतते, फार कडक असेल तर नुसतीच सरकते. मोठी स्प्रिंग जोरदार हवी, पण पट्टी अडवणारी छोटी स्प्रिंग त्या मानाने हलकी. गार कातड्याच्या तुकड्यात धरून स्क्रूने आवळायची आणि तिची धार पट्टीला सरळ रेषेत भिडायला हवी. वीसएक बारांनी ती बोथट होते. मग पितळी दांडीने टिचक्या मारून नवी धार काढायची, नाहीतर नवी गार.

उडवण्याची रीत अशी. नळीत मापून साडेचार ग्रॅम काळी दारू. तोंडावर तेलकट सुती चिंधी, तिच्यावर साडेअकरा ग्रॅमची शिशाची गोळी. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते; उरलेली जागा चिंधी भरते, चऱ्यांची पकड घेते आणि गोळीला गिरकी देते. गजाने ती थेट दारूवर टेकेपर्यंत ठासायची. मधे पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. मग वाटीत बारीक रंजक, पट्टी खाली, गार धरणारा घोडा पूर्ण मागे. नवख्याचा नेम चुकतो तो डोळ्यासमोरच्या भडक्याने: दचकून मान हलते आणि गोळी अजून नळीतच असते. बार झाल्यावरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवायचा, ही शिकवण म्हणूनच. संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुणं सक्तीचं. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा खेचते, आणि वेसाव्यासारख्या खाऱ्या हवेत एका रात्रीत गंज चढेल.

आता मराठ्यांकडे वळू. आपले लोक जुन्यालाच चिकटून राहिले, असं सरधोपटपणे लिहिलं जातं. मला ते पटत नाही. तोड्याच्या बंदुकीला सुटे भाग मोजके. गावचा लोहार ती दुरुस्त करू शकतो. चकमकीच्या चापाला नीट पाणी दिलेल्या तीन स्प्रिंगा लागतात आणि चांगल्या गारांचा अखंड पुरवठा लागतो. इंग्रजांना तो सफकमधल्या ब्रँडन गावातून होई, तिथे गारा घडवणं हा गावाचा धंदाच होता. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात अकीक आणि त्याच्या भावकीतले कठीण दगड सापडतात, घरोघरी विस्तव पाडायला चकमक वापरतही होते. पण बटव्यातल्या चकमकीने कापूस पेटवणं वेगळं आणि पलटणीला एका मापाच्या हजारो गारा पुरवणं वेगळं. गंमत म्हणजे दारूसाठी लागणारा सोरा इंग्रज नेत होते तो आपल्याच बिहारमधून.

शिवाय नेमबाजीत तोड्याची लांब नळी कमी नव्हतीच. १८३९ ते १८४२ च्या युद्धात अफगाणांच्या लांब जेझाइल बंदुकांनी (त्यांत तोड्याच्याही होत्या) ईस्ट इंडिया कंपनीच्या मस्केटींना पल्ल्यात मागे टाकलं. चकमकीचा खरा फायदा वेगळाच होता. हातात जळती वात नसल्याने शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहू शकत. शेजाऱ्याच्या दारूच्या पिशवीला आग लागायची भीती नाही. दाट रांग, मिनिटाला तीनेक बार आणि टोकाला संगीन, असं ते गणित. ज्या फौजेचा कणा घोडेस्वार होता, तिला या रांगेचं अप्रूप उशिरा वाटलं यात नवल काय?

वाटलं तेव्हा मात्र त्यांनी ती उभी केली. फ्रेंच तालमीतल्या इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी १७६० मध्ये उदगीरला आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर लढल्या. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपियन सेनानीकडून कवायती कंपू बांधून घेतले आणि आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या हाताखाली तोफा-बंदुकांचा कारखाना चालवला. तिथे चकमकीच्या बंदुका तयार होत होत्या, तरी त्याच कंपूंतल्या नजीब नावाच्या पलटणींकडे तोड्याच्याच राहिल्या. अडाणीपणापेक्षा यात मला हिशेब दिसतो.

वाचकांपैकी कुणाला संच मागवण्याची हुक्की आली असेल, तर थांबा. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने अशा ठासणीच्या प्रतिकृती सामान्य बंदुकीच्या व्याख्येतून वगळल्या आहेत, म्हणून तिथे संच टपालाने घरी येतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीची बंदूकही बंदूकच; बाळगायला परवाना हवा आणि घरी बनवणं हा गुन्हा. कोकणात डुक्कर-माकडांपासून शेती राखायला परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आजही आहेत, पण त्या चकमकीच्या नव्हेत, स्फोटक टोपीवर उडणाऱ्या. निवडणुका लागल्या की शेतकऱ्याला अनेकदा त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. डुकरांना आचारसंहिता नसते.

पाहायला मात्र परवाना लागत नाही. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, दोन्हीकडे जुनी शस्त्रं आहेत. चकमकीची बंदूक समोर आली तर दस्त्यावरच्या नक्षीत अडकू नका. घोड्यासमोरची पोलादी पट्टी बघा. तिच्यावर खोल उभे ओरखडे असतील तर ती बहुधा खरोखर उडवलेली; पट्टी नव्यासारखी गुळगुळीत असेल, तर मिरवणुकीतली असण्याचा संभव जास्त.