मिलानचे प्रदर्शन आणि आपला दुचाकीस्वार

उत्तर इटलीतील मिलान शहरालगत रो येथे दर नोव्हेंबरात दुचाकी वाहनांचे जे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरते, त्याला जत्रेची कळा असते. ‘एइक्मा’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रदर्शनाची परंपरा १९१४ सालापासूनची आहे. आरंभीचे दिवस व्यापारी आणि पत्रकार यांच्यासाठी राखून ठेवलेले असतात. त्यानंतर दारे सर्वांना खुली होतात आणि तरुणांचे लोंढे आत शिरतात. उंच मंचावर झगमगत्या दिव्यांखाली ठेवलेली नवी मोटारसायकल पाहण्यासाठी गर्दी उसळते. खोगिरावर क्षणभर बसून छायाचित्र काढून घेण्यासाठी रांगा लागतात. बाहेरच्या मोकळ्या मैदानावर शर्यती चालू असतात. वेग, सामर्थ्य आणि सौंदर्य या तिन्हींची आराधना तेथे एकाच वेळी चाललेली असते.

हे प्रदर्शन इटलीत भरावे यात योगायोग नाही. दुसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त केलेल्या त्या देशाला स्वस्त वाहनाची गरज होती आणि मोटारगाडी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. विमाने बनविणाऱ्या पिआजिओ कंपनीने १९४६ साली व्हेस्पा बाजारात आणली. पोलादी नळ्यांचा धंदा करणाऱ्या इनोचेंतीने १९४७ पासून मिलानमध्येच लँब्रेटा तयार केली. कामगार, शिक्षक, कारकून अशा सगळ्यांना या स्कूटरने चाके दिली. पुढे सुबत्ता आली, लोक मोटारगाड्यांकडे वळले आणि १९७१ साली मिलानमधील लँब्रेटाचे उत्पादन थांबले.

येथून या कथेत भारत येतो. भारत सरकारने लँब्रेटाची यंत्रसामग्री विकत घेतली आणि १९७२ साली लखनौच्या स्कूटर्स इंडियाची स्थापना झाली. त्याआधीच मुंबईच्या एका कारखान्यातून लँब्रेटा बाहेर पडत होती. पुण्याच्या बजाजने पिआजिओशी करार करून स्कूटर बनविल्या आणि १९७१ साली तो करार संपताच पुढल्याच वर्षी स्वतःची ‘चेतक’ आणली. मद्रासमध्ये १९५५ पासून इंग्रजी बुलेटची जुळणी होत होती. युरोपने ज्या वस्तूकडे पाठ फिरविली, ती वस्तू येथे संसाराचा आधार ठरली. परवाना-पद्धतीमुळे पुरवठा अपुरा होता. पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहणारी कुटुंबे महाराष्ट्रातील शहरोशहरी होती आणि स्कूटर घरी आली म्हणजे तिला हार घालून नारळ फोडला जाई.

आज काळाने कूस बदलली आहे. इंग्लंडमधील रेडिच येथील कारखाना १९६७ साली बंद पडला, पण रॉयल एनफील्ड हे नाव भारतात टिकले आणि आता ते मिलानच्या मंचावर दिमाखाने मिरवते. नॉर्टन ही जुनी ब्रिटिश कंपनी २०२० साली टीव्हीएसने विकत घेतली. ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये बजाजचे भांडवल २००७ पासून आहे. २०२४-२५ या वर्षात भारतात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या आणि सुमारे ४२ लाख परदेशी गेल्या. शिष्याने गुरूच्या अंगणात दुकान मांडावे, याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. तथापि सर्व उद्योगांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. लखनौचा कारखाना बंद करण्यास २०२१ साली मंजुरी मिळाली. बाजार खुला झाल्यावर ज्यांनी संशोधनावर खर्च केला ते तरले, केवळ टंचाईवर जगणारे बुडाले.

परंतु प्रदर्शनातील मंच आणि आपला रस्ता यांत मोठे अंतर आहे. युरोपात मोटारसायकल हा बव्हंशी हौसेचा विषय आहे; भारतात ती कचेरीत, शाळेत, बाजारात नेणारी आणि प्रसंगी आजाऱ्याला दवाखान्यात पोचविणारी आहे. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरील माणसे सुमारे ७५ हजार होती. शिरस्त्राण न घातलेल्यांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. हे आकडे वाचून ज्याचे मन अस्वस्थ होत नाही, त्याला कोणत्याही नव्या यंत्राचे कौतुक करण्याचा अधिकार नाही.

जोराने ब्रेक दाबला असता चाक जागच्या जागी अडकून घसरू नये, अशी योजना फार पूर्वीच सिद्ध झाली आहे. युरोपने ती १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या नव्या वाहनांना २०१७ पर्यंत सक्तीची केली. आपणही २०१९ पासून तीच मर्यादा स्वीकारली. मात्र मर्यादा उसनी घेताना परिस्थितीचा विचार राहून गेला. आपल्याकडील बहुसंख्य दुचाकी या मर्यादेच्या आतल्याच आहेत. म्हणजे हौसेचे वाहन सुरक्षित झाले आणि पोटापाण्याचे वाहन दोन्ही चाकांचा ब्रेक एकत्र लावणाऱ्या साध्या व्यवस्थेवर भागवीत राहिले. लहान वाहनांनाही ही सक्ती लागू करण्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२५ साली प्रसिद्ध केला, तेव्हा किंमत वाढेल ही तक्रार अपेक्षितच होती. ती खोटीही नाही. हप्त्यावर गाडी घेणाऱ्याला दोन-चार हजार रुपये जड जातातच. यावर उपाय सुरक्षितता वगळणे हा नव्हे. तिच्यावरील कर कमी करणे हा आहे.

अर्थात सगळे ओझे सरकार आणि कारखानदार यांच्यावर टाकून चालणार नाही. शिरस्त्राणाचा कायदा १९८८ पासून आहे आणि तो टाळण्याच्या सबबीही तितक्याच जुन्या आहेत. पोलीस दिसताच डोक्यावर चढणारे आणि चौक ओलांडताच कोपरात लटकणारे शिरस्त्राण कोणाचेही रक्षण करीत नाही. मिलानच्या दालनात भारतीय वाहन उभे राहिले याचा आनंद जरूर मानावा. परंतु या उद्योगाची खरी परीक्षा घरच्या रस्त्यावर आहे. सकाळी कामाला निघालेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी परततो की नाही, यावरच तिचा निकाल लागेल.