जुन्या लाकूडकामाचे पॉलिश : मोजमाप, दरविश्लेषण आणि किंमत

नव्या भिंतीच्या रंगकामाचे अंदाजपत्रक तुम्ही पूर्वी केले आहे. क्षेत्रफळ काढले, दराने गुणले की काम झाले. जुने लाकूड खरवडून पुन्हा स्टेन व वॉर्निश करायचे असेल, तर मात्र ही पद्धत अंगलट येते. येथे निम्म्याहून अधिक मजुरी जुना थर काढण्यातच जाते आणि तो थर किती चिवट आहे, हे नकाशावरून कळत नाही. लहान कंत्राटदाराने दर कमी लावला, तर तो फरक त्याला स्वतःच्या रोजातून भरावा लागतो.

परदेशी पुस्तकांत याचे उदाहरण म्हणून घराच्या मागचा लाकडी ‘डेक’ दिलेला असतो. आपल्याकडे तसा डेक क्वचितच दिसतो. म्हणून आपण भिलाईतील मरोदा परिसरातले एक घर कल्पू. त्याला सागवानी दिलेदार दारे, काचेच्या खिडक्या आणि व्हरांड्याला लाकडी जाफरी आहे. डेकच्या कठड्याची जी अडचण, तीच जाफरीची : क्षेत्रफळ थोडे आणि कडा फार.

पाहणी

दर सांगण्यापूर्वी जागेवर जा. लाकडावर पाण्याचे चार थेंब टाका. ते मोत्यासारखे उभे राहिले, तर जुना थर अजून शाबूत आहे. लगेच मुरले, तर लाकूड उघडे पडले आहे आणि ते स्टेन जास्त पिईल. चौकटीच्या तळाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. टोक सहज आत गेले, तर कूज किंवा वाळवी आहे. ते काम सुताराचे असल्याने त्याची बाब वेगळी ठेवा आणि ‘प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे’ असे लिहा.

जुना थर ऑइल पेंटचा असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, असे धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासू नये. ओला करून घासावा, मास्क वापरावा, लहान मुलांना लांब ठेवावे. यात वेळ जातो आणि त्या वेळेची मजुरी अंदाजपत्रकात आलीच पाहिजे.

मोजमाप

रंग व पॉलिशच्या मोजमापासाठी आय.एस. 1200, भाग 15 वापरतात. चौकटीसह सपाट क्षेत्रफळ घेऊन त्याला गुणक लावतात. दिलेदार दारासाठी प्रत्येक बाजूस 1.30, पूर्ण काचेच्या झडपेसाठी प्रत्येक बाजूस 0.80, तर जाफरीसाठी सर्व बाजू मिळून 2.00 हा गुणक आहे. आपल्या घरासाठी :

दारे 5, प्रत्येकी 1.0 × 2.1 मी. : 5 × 2.1 × 2 × 1.30 = 27.30 चौ.मी.
खिडक्या 6, प्रत्येकी 1.2 × 1.2 मी. : 6 × 1.44 × 2 × 0.80 = 13.82 चौ.मी.
जाफरी 4.0 × 1.5 मी. : 6.0 × 2.00 = 12.00 चौ.मी.
एकूण 53.12 चौ.मी.

गुणक न लावता एकाच बाजूचे सपाट क्षेत्रफळ घेतले, तर ते भरते फक्त 25.14 चौ.मी. बिलाच्या वेळी होणारी बहुतेक भांडणे या फरकातून निघतात. दर कोणत्या मोजमापावर आहे, हे दरपत्रकात शब्दांत लिहा.

मजुरी

आता नमुना घासून पाहा. एका दाराचा एक तुकडा आणि जाफरीचा एक तुकडा घड्याळ लावून साफ करा. समजा, दारासाठी गुणकासह दर चौ.मी.ला 40 मिनिटे आणि जाफरीसाठी 75 मिनिटे लागली. मग दारे-खिडक्यांना 27.4 तास आणि जाफरीला 15 तास, मिळून 42.4 तास. आठ तासांच्या पाळीत हाताला लागणारे काम सहाच तासांचे धरा. चहा, आवराआवर, शिडी हलवणे यांत बाकीचे जातात. म्हणजे 7.1 दिवस. दोन हात आणि मधली घासाई यांना दर चौ.मी.ला 30 मिनिटे धरून 4.4 दिवस. कडी-कोयंडे काढणे, काचेला टेप लावणे, पुट्टी भरणे यांना 1.5 दिवस. एकूण 13 मनुष्यदिवस.

किंमत

पुढील दर केवळ उदाहरणासाठी गृहीत धरलेले आहेत. तुमच्या गावच्या बाजारात चौकशी करून बदलून घ्या. मजुरी 13 × 900 = 11,700 रुपये. डब्यावर लिटरला 10 चौ.मी. लिहिलेले असले, तरी जुन्या लाकडाला 8 धरा. दोन हातांना 13.28 लिटर लागेल. 10 टक्के नासाडी धरून 15 लिटर घ्या. 400 रुपये दराने 6,000 रुपये. पॉलिश पेपर, रिमूव्हर, पुट्टी, चिंध्या, टेप 2,300 रुपये. प्रत्यक्ष खर्च 20,000 रुपये. अनपेक्षित कामासाठी 5 टक्के धरले की 21,000 रुपये.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरविश्लेषणात वरखर्च व नफा मिळून 15 टक्के खर्चावर लावतात. तसे केल्यास किंमत 24,150 रुपये. पण ‘मला विक्रीकिमतीच्या 15 टक्के उरले पाहिजेत’ असे म्हणणाऱ्याने 21,000 ला 0.85 ने भागावे. उत्तर 24,706 येते. येथे फरक किरकोळ वाटतो. हेच 30 टक्क्यांना करून पाहा : 27,300 आणि 30,000. परीक्षेत हा प्रश्न विद्यार्थ्यांना हमखास चकवतो, आणि धंद्यात तर अधिकच.

24,150 रुपये म्हणजे गुणकासह दर चौ.मी.ला सुमारे 455 रुपये, पण एका बाजूच्या सपाट क्षेत्रावर सुमारे 961 रुपये. काम तेच, पैसे तेच. शेजारच्या कंत्राटदाराने 600 रुपये दर सांगितला, तर तो स्वस्त की महाग, हे त्याची मोजण्याची रीत विचारल्याशिवाय ठरवता येणार नाही. कंत्राटदार जी.एस.टी. नोंदणीकृत असेल, तर 18 टक्के कर वेगळा दाखवावा.

हंगामाचाही विचार करा. छत्तीसगडच्या जंगलात कुसुम आणि पळसावर लाख होते आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश आतल्या दारांना सुंदर दिसते. पण पावसाळी दमट हवेत ते पांढरे पडते आणि व्हरांड्यात पाण्यापुढे टिकत नाही. जाफरीला बाहेरच्या वापराचेच वॉर्निश हवे. मे महिन्याच्या भर उन्हात स्टेन हात फिरवण्याआधीच सुकतो, म्हणून त्या दिवसांत सकाळी लवकर काम धरावे. जून ते सप्टेंबरमध्ये दोन हातांमधला वाळण्याचा वेळ वाढतो, तेव्हा मुदत जास्त लिहावी. दरपत्रक पंधरा दिवसांपुरतेच वैध ठेवा आणि सामानाइतकी रक्कम आगाऊ घ्या.