फासे टाकायच्या आधी: रोलप्लेइंग गेममध्ये खेळाडूच्या हातात नक्की काय असतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांच्या इअरफोनने नेमका लोकलमध्येच जीव सोडलाय, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना भरकटलो होतो तो भाग गाळलाय आणि आकडेमोड नीट मांडली आहे.

सुरुवात एका प्रश्नाने. सापशिडीत तुम्ही कधी हुशारीने जिंकलात का? नाही ना? जिंकताच येत नाही. दान पडतं, सोंगटी पुढे जाते, शिडी आली तर वर, साप आला तर खाली. तुमच्या जागी शेजारच्या काकूंनी फासा टाकला असता तरी काही फरक पडला नसता. लुडोमध्ये निदान 'कुठली सोंगटी हलवू' एवढं हातात असतं. बुद्धिबळात सगळंच तुमच्यावर, पण घोडा अडीच घरंच चालणार. "माझा घोडा झुडपात लपून बसतो" असं म्हणता येत नाही.

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये ते म्हणता येतं. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र. एक जण गेम मास्टर, म्हणजे जीएम. तो परिस्थिती सांगतो आणि विचारतो, "काय करताय?" तुम्ही सांगता. निकाल अनिश्चित असेल तर फासे टाकायचे. मग पुढची परिस्थिती. बस, एवढंच.

या "काय करताय?" मध्ये जी ताकद आहे तिला प्लेअर एजन्सी म्हणतात. ट्रॅव्हल एजन्सीशी संबंध नाही! मराठीत मी याला 'कर्तेपण' म्हणतो. गोष्टीतला कर्ता कोण, तुम्ही की जीएम?

आधी मोकळीक, मग नियम

गंमत म्हणजे हा सगळा प्रकार नियम मोडल्यामुळे सुरू झाला. अमेरिकेत, मिनेसोटामध्ये १९६९च्या सुमारास डेव्हिड वेस्ली नावाच्या वॉरगेम खेळणाऱ्याने 'ब्राउनस्टाइन' नावाचा खेळ मांडला. नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन गाव. एरवी वॉरगेममध्ये खेळाडूकडे अख्खी फौज असते. वेस्लीने इथे काही खेळाडूंना एकेका माणसाची भूमिका दिली. कुणी गावचा मेयर, कुणी बँकर, कुणी विद्यापीठातला.

खेळाडू लगेच सुटले. एकमेकांशी गुपचूप बोलणी, कटकारस्थानं सुरू झाली. दोघांनी तर येऊन सांगितलं की आम्हाला द्वंद्वयुद्ध करायचंय. द्वंद्वाचा नियमच नव्हता! वेस्लीने तो जागच्या जागी बनवला. त्याला वाटलं, आपला खेळ फसला. खेळाडू मात्र पुढचा खेळ कधी म्हणून मागे लागले. त्या ग्रुपमध्ये खेळणारा एक जण होता डेव्ह आर्नेसन. याच आर्नेसनने गॅरी गायगॅक्ससोबत १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणला.

म्हणजे या खेळात मोकळीक आधी आली आणि नियम तिच्या मागून धावत आले.

निर्णय म्हणजे काय?

पण 'काहीही करता येतं' म्हणजे कर्तेपण नाही. त्याला तीन गोष्टी लागतात: पर्याय, माहिती आणि परिणाम.

समजा जीएम म्हणाला, "समोर दोन दारं आहेत, डावं आणि उजवं. कुठलं?" पर्याय आहेत. पण दोन्ही दारांबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही. मग हा निर्णय कसला, ही तर छापा-काटा.

आता हे बघा. "किल्ल्यात शिरायचंय. मुख्य दरवाजावर दोन पहारेकरी आहेत, जेवणाच्या वेळी एकच उरतो. मागे सांडपाण्याचा मोठा नाला आहे. तिथे पहारा नाही, पण चिलखत घालून आत मावणार नाही." आता टेबलावर वाद सुरू होतो. कारण कुठलाही रस्ता धरला तरी काहीतरी सोडावं लागणार, आणि काय सोडावं लागणार ते तुम्हाला कळलेलं आहे.

तिसरी गोष्ट, परिणाम, सगळ्यात नाजूक. मी एका ग्रुपमध्ये खेळत होतो. असाच नाल्याचा प्लॅन आम्ही जवळपास तासभर केला. चिलखतं बाहेर ठेवली, दोरखंड मोजले. आणि नाल्याच्या दुसऱ्या टोकाला किल्लेदार स्वतः उभा! नंतर कळलं की दरवाजाने गेलो असतो तरी तो तिथेच उभा असता, कारण जीएमला ती मारामारी हवीच होती. आमच्यातली एक मैत्रीण शांतपणे म्हणाली, "मग आपण तासभर विचार कशाला केला?" पुढच्या खेपेपासून तिने प्लॅन करणं सोडलं. तिची पाळी आली की फोनमधून डोकं वर काढायची, "मारते" म्हणायची आणि परत फोनमध्ये.

आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगतो. इफ आणि एल्स, दोन्हींत एकच फंक्शन कॉल केलंय. कोड चालतो, एरर येत नाही. पण ती अट लिहून उपयोग काय? खेळाच्या जगात या प्रकाराला 'क्वांटम ओगर' म्हणतात: तुम्ही कुठल्याही वाटेने जा, राक्षस त्याच वाटेवर.

याची बाजू घेणारे म्हणतात, "खेळाडूंना कळलंच नाही तर काय बिघडलं?" मला हे पटत नाही. एक म्हणजे चार-पाच सेशनमध्ये लोकांना कळतंच. आणि दुसरं, नाही कळलं तरी आपण एकत्र गोष्ट घडवतोय असं सांगून माणसांना बोलावलंय, आणि प्रत्यक्षात त्यांना सिनेमा दाखवतोय. सिनेमा दाखवायला हरकत नाही, पण तसं आधी सांगा.

तीन खेळ, तीन उत्तरं

इथे मेकॅनिक्स येतात. लोकांना वाटतं, नियम आले की मोकळीक गेली. मला उलट वाटतं. नियम म्हणजे जीएमने आधीच दिलेला शब्द आहे: तू हे केलंस तर असं होईल. वेगवेगळे खेळ हा शब्द वेगवेगळ्या जागी देतात.

फासा पडायच्या आधी. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपलं कौशल्य मिळवायचं आणि ठरलेला आकडा गाठायचा. समजा भिंत चढायला १५ हवेत आणि तुमचं कौशल्य ३. म्हणजे फाशावर १२ किंवा जास्त, शक्यता ४५ टक्के. आता सोबत्याने मदत केली तर तुम्हाला 'ॲडव्हांटेज' मिळतो: दोन फासे टाका, मोठा घ्या. शक्यता थेट ७० टक्क्यांच्या आसपास! नुसतं "मी चढतो" म्हणण्यात आणि "तू खालून आधार दे, मग मी चढतो" म्हणण्यात एवढा फरक पडला. तुमच्या डोक्याला इथे आकड्यांत किंमत आहे.

फासा पडल्यानंतर. मेगी आणि व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये (२०१०) दोन साधे फासे असतात. बेरीज १० किंवा वर, तर काम फत्ते. ६ किंवा खाली, तर जीएम अडचण आणणार. आणि ७ ते ९ म्हणजे काम होतं, पण किंमत मोजून. कौशल्य १ असेल तर या तिघांची शक्यता साधारण २८, २८ आणि ४४ टक्के. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा 'हो, पण...' हेच उत्तर येतं. आणि कित्येकदा ही किंमत कुठली ते तुम्हालाच निवडायचं असतं: वर पोचलास, पण दोर सोडतोस की आवाज होऊ देतोस?

वाईट घडल्यावरसुद्धा. जॉन हार्परच्या 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये (२०१७) धोका किती आणि फायदा किती हे जीएमला फासा टाकायच्या आधी उघड सांगावं लागतं. ऐकून तुम्ही बेत बदलू शकता. इतकंच नाही, वाईट परिणाम झाला तर "मी याला विरोध करतो" म्हणायचा हक्क आहे. तो परिणाम कमी होतो किंवा टळतो, पण त्यासाठी 'स्ट्रेस' मोजावा लागतो. स्ट्रेसची घरं फक्त ९. ती भरली की पात्रावर कायमचा व्रण. म्हणजे जीएमलाही नाही म्हणता येतं, फक्त फुकटात नाही.

पडद्याआडचा फासा

आता सगळ्यात जास्त भांडणं होणारा मुद्दा. जीएम पडद्याआड फासा टाकतो. दान असं पडतं की तुमचं पात्र मरणार. त्याने गुपचूप आकडा बदलावा का?

हेतू चांगला असतो, मान्य. पण मग "लढू की पळू?" या प्रश्नात काही अर्थ उरत नाही. जो पळाला त्याची अक्कल वाया आणि जो थांबला त्याचं धाडस खोटं. माझं मत: जो निकाल झेपणार नाही, त्यासाठी फासा टाकूच नका. रॉबिन लॉज यांच्या 'गमशू' पद्धतीने हेच केलं. रहस्यकथेत महत्त्वाचा पुरावा फाशावर सोडला आणि दान वाईट पडलं तर गोष्टच अडकते. म्हणून तिथे योग्य जागी योग्य कौशल्य वापरलंत की पुरावा मिळतोच. त्याचा अर्थ काय लावायचा, ते तुमचं काम.

एक मात्र लक्षात ठेवा. टेबलावर कर्तेपण एकट्याचं नसतं. "माझं पात्र असंच आहे" म्हणत सोबत्यांचीच चोरी करणारा मोकळीक घेत नसतो, बाकी तिघांची हिसकावत असतो.

घरी करून बघा

सुरुवातीला महागडे फासे लागत नाहीत. लुडोच्या डब्यातले दोन फासे घ्या आणि ७ ते ९ वाली युक्ती वापरा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात. आणि हो, बिनधास्त मराठीत खेळा. "काय करताय?" ला इंग्रजीत उत्तर शोधत बसलात तर निम्मा विचार तिथेच जातो.

जीएम असाल तर प्रत्येक फाशाआधी दोन गोष्टी मोठ्याने सांगा: जमलं तर काय होईल, आणि नाही जमलं तर काय. खेळाडू असाल तर हेच दोन प्रश्न विचारा. उत्तर दोन्हीकडे सारखंच येत असेल, तर फासा खाली ठेवा आणि गोष्ट पुढे न्या.

पडद्याआड आकडा बदलण्याबद्दल तुमचं मत वेगळं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. चांगले मुद्दे पुढच्या भागात घेऊ, विरोधातले आधी. तोवर, मनासारखं दान पडो!